पेनिनाने मांडलेलं घर

सोमवार, ६ जुलै

सोमवार हा पाळकाच्या सुट्टीचा दिवस, असं बिशपसाहेबांच्या कचेरीत कधीतरी ठरलंय. मंडळीला ते कोणी कळवलेलं नाही. पुरतं उजाडलंही नव्हतं, तर दारात दोन म्हाताऱ्या, एक भांडून आलेलं जोडपं आणि हरवलेल्या बकरीसाठी प्रार्थना करवून घ्यायला आलेला एक गृहस्थ. पेनिनाने सगळ्यांना चहा दिला. बकरीवाल्याला मक्याची उगाली आणि भाजीही वाढली, कारण तो उठेचना.

कालच्या उपदेशाचं अजून नाव निघतंय. या जगात आपण सगळे भाडेकरू, आपलं खरं घर वर आहे, असं मी सांगितलं. महिला मंडळाच्या मामा डोर्का म्हणाल्या, "पाळकसाहेब, आमच्या ह्यांनी नव्या घराला टाइल्स घालायचं ठरवलं होतं, तुमचं ऐकून गप्प बसलेत. मला टाइल्स हव्या होत्या हो." मला हसू आलं, पण बरंही वाटलं.

दुपारी जेवताना पेनिना म्हणाली, "ओडेराचे बाबा, आपण घर कधी मांडायचं?"

मला वाटलं थट्टा करतेय. लग्न झालं तेव्हा हीच म्हणायची की मातीच्या एका खोलीसाठी कोंबडा कशाला नाचवायचा, त्याचं कालवण करू. आमच्या लुओ जमातीत पुरुषाने वडिलांच्या आवारातून बाहेर पडून आपलं घर मांडायचं म्हणजे केवढं नाटक! पुढे घरातला वडीलधारा, मागे थोरला मुलगा कोंबडा आणि कुऱ्हाड घेऊन, बायकोच्या हातात विस्तव. दिवसभरात खोली उभी करायची, आणि नवरा-बायकोने दार उघडून आत जायचं. मी हे कधी केलं नाही. मंडळी देईल ते पाळकाचं घर, बदली होईल तिथे पाळकाचं गाव. माझ्या या हट्टाचं बिशपसाहेबांनीही एकदा सभेत कौतुक केलं होतं.

"आज हे काय मध्येच?" मी विचारलं.

"सहज. मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

तेवढ्यात छपराचा सुतार आला. येत्या रविवारी बिशपसाहेब येणार, आणि चर्चचं छप्पर अजून अर्धंच आहे. मी तिला म्हटलं, रविवारनंतर बोलू.


मंगळवार, ७ जुलै

रोझबेलाला माती दिली. ओज्वांगची बायको, चाळिशीचीसुद्धा नव्हती. ओज्वांगने घर मांडलेलं नव्हतं, त्यामुळे तिला सासऱ्याच्या घरामागे, केळींच्या रांगेत जागा दिली. तिच्या माहेरच्या बायका आपसात कुजबुजत होत्या. म्हणून मी कबरीशी उभा राहून मुद्दामच मोठ्याने सांगितलं, "माती ती मातीच. पुढची असो की मागची." कुजबूज थांबली.

परतताना बोडाबोडाच्या मोटरसायकलवर पेनिना माझ्यामागे बसली होती. म्हणाली, "तिला मागे का ठेवलं? पुढे एवढी जागा होती."

"तुला काय माहीत नाही? बाईची जागा तिच्या स्वतःच्या दारासमोर. ज्याने घरच मांडलं नाही, त्याच्या बायकोला दार कुठलं?"

"आता ओज्वांगने मांडलं तर?"

"बायकोशिवाय कोण मांडू देणार त्याला? दुसरी आणावी लागेल!" मोटरसायकलवालाही हसला. त्याला हे सगळे नियम तोंडपाठ होते.

पुलापाशी तिने गाडी थांबवायला लावली. म्हणे धक्क्यांनी अंग दुखतंय, मी चालत येते. रस्ता वाईटच आहे. मी पुढे आलो, सुताराला पत्रे मोजून द्यायचे होते. ती आली तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती, आणि आल्या आल्या दोन पाहुण्यांना चहा करून ती आडवी झाली. अलीकडे ती फार आडवी होते. वयाबरोबर बायका जरा सैलावतात.


बुधवार, ८ जुलै

अदोयो शाळेतून घरी आली! सत्र चालू, परीक्षा तोंडावर, आणि आमच्या कन्यारत्नाला आईची आठवण झाली. मी झापलं.

"आईने फोन करून बोलावलं," ती म्हणाली.

"कशाला?"

तिने आईकडे पाहिलं. पेनिना म्हणाली, "बिशपसाहेब येणार, मला एकटीला झेपणार नाही." हे खरं आहे, म्हणून मी पुढे बोललो नाही.

दुपारभर पेनिना तिला माझा पांढरा झगा इस्त्री करायला शिकवत होती. कोळसे किती घालायचे, गळपट्टी आधी की बाह्या आधी, खळ कुठे कमी घालायची. मी खिडकीतून बघत होतो. पोरगी दोनदा रडली. मी म्हटलं, चटका बसला असेल. पेनिना मात्र सोडत नव्हती, "पुन्हा कर. त्यांना गळ्याशी कडक लागलं की ते उपदेशात माना वाकड्या करतात." मी माना वाकड्या करतो हे मला माहीतच नव्हतं.

महिला मंडळाचा गणवेशाचा घागराही तिने शिंप्याकडून घट्ट करून आणलाय. म्हणाली, कापड ताणलं गेलंय. मागच्या वर्षी घेतलेलं कापड! बाजारात हल्ली सगळंच फसवं मिळतं.

रात्रीच्या जेवणाला ओमेनाचे बारके मासे होते, टोमॅटो घालून. तिने ताटलीत घेतले आणि अदोयोच्या ताटलीत सरकवले.


गुरुवार, ९ जुलै

आज फार मनस्ताप झाला.

सकाळी वासोंगा, माझा धाकटा भाऊ, आणि ओगुता काका गावाहून आले. काकांना प्रवास सोसत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चहा झाला, काका म्हणाले, "खांब तोडून झालेत. पत्रे वासोंगाने आणलेत. शनिवारी सकाळी यायचं."

"कुठे?"

"अरे, लग्नाला! कुठे म्हणजे? तुझं घर मांडायला."

हे सगळं माझ्या पाठीमागे ठरलेलं! पेनिनाने वासोंगाला फोन केला होता. तिच्या कोंबड्यांच्या आणि भाजीच्या पैशातून पत्रेसुद्धा तिनेच घ्यायला लावले होते. मी तिच्याकडे पाहिलं. ती चहा ओतत होती, बशीत सांडला तरी तिचं लक्ष नव्हतं.

मी शांतपणेच सांगितलं की शनिवारी दुपारी बिशपसाहेब येणार आहेत, आणि इतकी वर्षं जे मी उपदेशात खोडून काढलं ते मी कोंबडा धरून करणार नाही. तेव्हा वासोंगाचा तोल गेला.

"भाऊ, तुझा उपदेश तुला गोड. मी धाकटा. तू मांडल्याशिवाय मला मांडता येत नाही, माहीत आहे ना? माझी मुलं मिशा फुटल्या तरी आजोबांच्या आवारात राहतात. बायको रोज म्हणते, तुझ्या भावाचं घर आभाळात आहे, तर आपणही ढगातच राहू या."

"मग तू मांड. मी नाही अडवत."

"तू नाही अडवत! आणि गावात तोंड कुठे लपवू?" मग आवाज उतरवून म्हणाला, "भाऊ, बायको आहे तोवर माणूस घर मांडतो. पुढचं कोणी पाहिलंय?"

हा टोमणा होता. रोझबेलाच्या मातीला मी जे बोललो ते त्याच्या कानावर गेलं असणार. मी म्हटलं, छपराचं काम संपू दे, ऑगस्टमध्ये बघू. काका म्हणाले, "ऑगस्ट!" आणि पेनिनाकडे असं बघितलं की जणू तिने काहीतरी बोलावं. ती म्हणाली, "काका, पेज घ्या, गार होतेय."

ते गेल्यावर मी तिला विचारलं, "तुझ्या कानात हे कोणी भरवलं? डोर्काने? टाइल्सवालीने?"

"कोणी नाही."

"मग तुला एकाएकी घर कशाला हवंय?"

तिने कप एकात एक घातले. मग म्हणाली, "मला एक दार हवंय." आणि भांडी उचलून गेली. मी तिला स्वर्गातल्या घराबद्दल थोडं सांगितलं, पण ती मोरीत होती, ऐकू गेलं की नाही कोण जाणे.


शुक्रवार, १० जुलै

मिशनच्या दवाखान्यातल्या रोग्यांची भेट. पुरुषांच्या खोलीत एका म्हाताऱ्याने माझा हात धरून ठेवला तो सोडेना. प्रार्थना संपली, दुसरी केली, तीही संपली, हात तसाच. शेवटी परिचारिकेने सोडवला. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "पाळकबाईंना नाही आणलंत? डॉक्टर विचारत होते. या आठवड्यात यायचं होतं त्यांना."

चादरींबद्दल असणार. महिला मंडळ दरवर्षी दवाखान्याला चादरी देतं. घरी येऊन मी पेनिनाला सांगितलं, "डॉक्टर तुझी वाट बघतायत, चादरींचं काय झालं?"

ती जरा दचकली, मग म्हणाली, "हो. चादरींचं राहिलंय."

"देऊन टाका. रोगी गारठतात."

ती हसली. या आठवड्यात पहिल्यांदाच हसली, म्हणून लिहून ठेवतो.


शनिवार, ११ जुलै

सकाळी उठलो तर पेनिना आणि अदोयो घरात नाहीत. टेबलावर झाकून ठेवलेली पेज, झगा इस्त्री करून खिळ्याला. वासोंगाचा फोन आला, "वहिनी इथे आल्यात. ओडेराही किसुमूहून आलाय. काका वाट बघतायत. भाऊ, मटाटूने तासाभराचं अंतर आहे. ये."

मी म्हटलं, एकदा नाही म्हटलं की नाही. बिशपसाहेब वाटेत आहेत, पाळक घरात नसला तर कसं दिसेल? फोन पुन्हा वाजला, मी घेतला नाही. मनातून मला पेनिनाचा रागच आला होता. पाळकाची बायको नवऱ्याला सगळ्या गावासमोर असं कोंडीत पकडते? पण हेही लिहितो की दुपारी दोनदा मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, आणि दोन्ही वेळा मटाटू रिकामा होता. चढलो मात्र नाही.

बिशपसाहेब आले, छप्पर बघून खूष झाले. डोर्काने जेवण सांभाळलं.

तिघं दिवेलागणीला परतली. पेनिनाच्या पायांना वाळलेला चिखल होता आणि अंगाला धुराचा वास. ओडेराने तिला दंडाला धरून आत आणलं. पाहुणे होते म्हणून मी हळूच विचारलं, "झालं का समाधान?"

"खोली उभी राहिली. दारही बसवलं."

"मग?"

"मग काय. मी एकटी आत कशी जाणार?"

ओडेराच्या काखेत कोंबडा होता, पाय बांधलेला, लाल, चांगला जड. वातावरण निवळावं म्हणून मी म्हटलं, "चला, उद्या बिशपसाहेबांच्या जेवणाची सोय झाली." ओडेराने तोंड फिरवलं. पेनिना म्हणाली, "दे रे. तसंही याचं कालवणच करायचं होतं."


रविवार, १२ जुलै

उपासना उत्तम झाली. नव्या छपराखाली आवाज छान घुमतो. पेनिना पहिल्या रांगेत गणवेशात होती, स्तोत्रांना उभी राहिली नाही.

जेवण झालं. बिशपसाहेबांनी कोंबड्याची दोनदा तारीफ केली. ते गेल्यावर ती अंगणात भांडी घासायला बसली, आणि तिथेच कलंडली. दवाखान्यात आहे. मी घरी कपडे न्यायला आलोय.


मंगळवार, १४ जुलै

गाठ पोटात आहे, आणि यकृतात. तिला ईस्टरनंतरच सांगितलं होतं. डॉक्टर तरुण आहे, त्याने मला विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं?" मी पाळक आहे. या गावात कोणाच्या पोटात काय दुखतं ते मला माहीत असतं.

मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"रविवारनंतर बोलू म्हणालात ना."

मी म्हटलं, उद्याच गाडी करतो, गावी जाऊ, घर मांडू, काकांना फोन करतो. तिने डोळे मिटले. काकांना फोन केला. ते म्हणाले, "बाळा, बाईने विस्तव हातात घेऊन आपल्या पायांनी चालत जायचं असतं. तिला उभं राहता येतंय का?" मी पलंगाकडे बघितलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ती जरा शुद्धीवर होती. मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलेल. म्हणाली, "बिशपसाहेबांना कोंबडा आवडला का?"

मी म्हटलं, हो.


गुरुवार, १६ जुलै

पेनिना आज पहाटे गेली.


शनिवार, २५ जुलै

आज तिला माती दिली. वडिलांच्या आवारात, घरामागे. मी काकांना विनवलं, तिला त्या नव्या दारासमोर ठेवा, मी सगळ्यांसमोर मागतो. काका म्हणाले, "ज्या घरात ती पाऊल टाकू शकली नाही, त्याचं दार तिचं कसं होईल?" मग जरा वेळाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि पाळकसाहेब, माती ती मातीच ना?" ते टोमणा मारत नव्हते. मला धीर येईल असं त्यांना खरंच वाटलं.

बिशपसाहेबांनी उपदेश केला. आपण सगळे भाडेकरू, पेनिनाबाई आपल्या खऱ्या घरी गेल्या, असं म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. गळ्याशी झगा कडक लागत होता, अदोयोने खळ जास्त घातली होती. मी मान वाकडी केली आणि पहिल्या रांगेकडे बघितलं.

ओज्वांग आला होता. माती संपेपर्यंत माझ्याशेजारी उभा राहिला.


मंगळवार, ११ ऑगस्ट

वासोंगा आणि काका आले. चहा अदोयोने केला. ती शाळेत परत गेलेली नाही, आणि मी तिला जा म्हणत नाही.

काका म्हणाले, "खोली उभी आहे, बाळा. वाळवी लागायच्या आत काहीतरी करायला हवं. पलीकडच्या गावात एक विधवा आहे, शांत आहे, चर्चला जाते. तू तिला आण, दार उघडून आत जा. मग वासोंगाचाही रस्ता मोकळा." वासोंगा जमिनीकडे बघत होता. त्याची चूक नाही, त्याची मुलं मोठी झालीत. ती खोली पेनिनाने तिच्या पैशांनी, अंगात एवढं दुखणं घेऊन उभी केली. तिच्यात आता दुसरी कोणी शिरली, तरच ती घर होणार.

मी त्यांना म्हटलं, मला थोडा वेळ द्या. ते बरं म्हणाले. मंडळीतही डोर्काने एकदोनदा आडून सुचवलंय की पाळक एकटा बरा दिसत नाही.

दुपारी त्यांच्याबरोबर मी आणि अदोयो गावी गेलो. त्या खोलीपाशी मी पहिल्यांदाच गेलो. माती अजून ओलसर वाटते. दार काथ्याच्या दोरीने बांधलेलं आहे, आणि उंबऱ्यालगत चुलीसाठी फोडलेल्या लाकडांची मोळी, तशीच. मी अदोयोला विचारलं, "आईने तुलाही सांगितलं होतं, काकांनाही. मग मलाच का नाही?"

ती म्हणाली, "आई म्हणायची, आजाराचं सांगितलं तर बाबा माझ्यासाठी प्रार्थनासभा लावतील, सगळ्या मंडळीला उपास करायला लावतील. घर नाही मांडणार."

हे खरं आहे. मी तसंच केलं असतं.

मी विचारलं, त्या शनिवारी ती कुठे होती दिवसभर? अदोयोने झाडाखालचा एक दगड दाखवला. विस्तवाचं मडकं मांडीशी घेऊन आई तिथेच बसून होती, म्हणाली, विझायला लागलं की फुंकर घालायची. ओडेरा दोनदा म्हणाला, आई, सावलीत आत सरक, तर सरकली नाही.

मी जाऊन त्या दगडावर बसलो. मला वाटलं होतं, आपलं घर उभं राहताना तिला बघायचं असेल. पण तिथे बसलं की खोली पाठीमागे राहते. समोर फक्त मटाटूचा रस्ता दिसतो.